म्हशीनं कशावरून ओळखलं

पाच वर्षांत अंबूबाई माहेरी मुक्कामाले गेली नव्हती. माहेर काही विलायतेत नव्हतं, संग्रामपुरात होतं. पण रोहिणखेडात दावणीले बांधलेली तिची म्हैस दुसऱ्या कोणाले दूधच द्यायची नाही. तिचा नवरा कडूबा कासेखाली बसला की म्हैस पान्हा चोरायची, वरून शेपटीनं त्याचं तोंड झाडून काढायची. आता चौसष्ट सालच्या वैशाखात धाकट्या भावाचं लगन निघालं होतं. करवलीबिगर लगन कसलं? आठ दिस तरी जायचंच होतं.

शेजारची गोजरबाई म्हणाली, “कडूबाले तुहं लुगडं नेसव वो! म्हैस काय तोंड पाह्यते?”

कडूबा नेसला. मिशा पदरात दडवून बसला. म्हशीनं मान वळवून त्याले वरपासून खालपर्यंत पाह्यलं अन् बादली थेट उकिरड्यावर पोचवली.

“तुमच्याहून हुशार हाय ते,” अंबूबाई म्हणाली.

मग लस टोचायला मोताळ्याचा गुरांचा डाक्टर आला. लुगड्याची गोष्ट ऐकून आधी पोटभर हसला, मग म्हणाला, “बाई, पान्हा कासेत नसतो, डोक्यात असतो. शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. बादलीचा आवाज, सरकीच्या ढेपेचा वास, अशी रोजची खूण पटली की डोकं कासेला हुकूम सोडतं. तुम्ही धार काढताना रोज काय करता, ते बघा.”

अंबूबाईनं दोन दिस डोकं खाजवलं. बादली तीच, ढेप तीच. गाणं तर तिले येतच नव्हतं. तिसऱ्या सकाळी धार काढता काढता ती ओट्यावरच्या कडूबाले रोजच्यासारखी बोलून राह्यली होती. दम घ्यायला थांबली, तशी धार बारीक झाली. पुन्हा तोंड सुरू केलं, तर बादलीत फेस!

“अव माय! तुमाले बोलणी बसली का हिले पान्हा फुटते जी!”

“मंग तुह्या मागं मले बोलीन कोण?” कडूबा म्हणाला.

“मी येईन न रोज,” गोजरबाई कुडापलीकडून म्हणाली.

“तू सुरू होशीन वो, पण थांबशीन कवा?” अंबूबाई म्हणाली.

शेवटी कडूबानंच स्वतःले बोलायचं ठरलं. तो बसला अन् सुरू झाला, “कडूबा, तू आळशी हायेस. कडूबा, तुले लाज नाही.” थेंब नाही.

अंबूबाई हसून हसून भिंतीले टेकली. “नाव काऊन घेता जी? म्या जलमात तुमचं नाव घेतलं का? तिले काय मालूम कडूबा कोण हाय!”

कडूबानं घसा खाकरला. “आयकलं का जी? दात घासाले दुपार करता का जी?”

चर्र... चर्र...

जायच्या सकाळी अंबूबाई गाठोडं घेऊन गोठ्यामागं उभी राह्यली. आत कडूबा स्वतःची खरडपट्टी काढून राह्यला होता, धारही जोरात होती. रंगात येऊन त्यानं हळूच आपलंही एक घुसडलं, “अन् बायको भाजीत मीठ टाकाले इसरते जी!”

धार बंद.

मग बारीक आवाज आला, “आयकलं का जी? मीठ बराबर रायते जी. तुमचीच जीभ खराब हाय जी.”

चर्र...

अंबूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं. कुडाजवळून जाता जाता गोजरबाईले म्हणाली, “त्याइले सांगजो, आठ नाही, पंधरा दिस लागतीन.”