मुठीतला गणपती

कसारा घाटात ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आला, की घोटीजवळच्या रेसिंग ट्रॅकवरची ती सकाळ आठवते. आम्ही मित्र हौसेने आपापल्या गाड्या पळवायला गेलो होतो. ट्रॅकवर गाडीत निखळून उडेल असं काही चालणार नव्हतं, म्हणून एका मित्राने डॅशबोर्डवरचा, त्याच्या आईने चिकटवलेला गणपती काढून माझ्या हातात दिला. "सांभाळ रे." दोनदा तो समोरून सुसाट गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही. मी कठड्यापाशी नुसता येरझाऱ्या घालत होतो. शेवटी गाडी हळूहळू आली, ब्रेकचा तोच जळका वास, पुढे सगळं गवत अडकलेलं. तो हसतच उतरला. "गरकन फिरली रे! चल, आता तुझा नंबर. गणपती दे, मी धरतो." मूठ उघडली, तर तळव्यावर सोंड उमटली होती. "माझ्या गाडीचा क्लच स्लिप होतोय," मी म्हणालो. क्लच ठणठणीत होता. त्याला अजून सांगितलेलं नाही.