सही न करणाऱ्या भोपळेताई

कोणीही तक्रार घेऊन आलं की सुनंदा भोपळे सगळ्यात आधी स्वतःचा लॅपटॉप मिटायच्या. मग ड्रॉवरमधून जुन्या कॅलेंडरचं एक पान काढायचं, ते कोरी बाजू वर करून टेबलावर पसरायचं आणि हातात पेन्सिल घेऊन विचारायचं, “आंधी सांगा, तुमाले काय दिसाले पायजे होतं?”

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझंही हेच झालं. पुण्यात आठ वर्षं काढून मी अमरावतीला परतलो होतो आणि या ऑफिसात टीमचा प्रमुख म्हणून रुजू झालो होतो. म्हटलं, “ताई, तेच तर बघायचंय, किती ओळी येतात ते.”

“मंग चुकीचं आलं तं तुमाले समजन कसं?” त्या म्हणाल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. मला राग आला. घरात तीन पिढ्या वकिली, त्यामुळे उलटतपासणी करायची सवय आम्हाला असते, करून घ्यायची नसते. शिवाय पुण्यात इतकं सरळ कोणी बोलत नसे. मी जागेवर परत गेलो, अर्धा तास हिशेब केला आणि अपेक्षित आकडा घेऊन आलो. तेव्हा कुठे लॅपटॉप उघडला.

बडनेरा रोडवर टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. वेगवेगळ्या संस्थांची प्रचंड मोठी टेबलं आम्ही सांभाळायचो. काही टेबलांत कोट्यवधी ओळी. ती एका संगणकात मावत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी अवजारं असतात. आमच्याकडे हाइव्ह होतं आणि स्पार्क होतं. टेबलाला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. तीच क्वेरी दोन अवजारांतून केली तर उत्तर एकच यायला हवं. ते कधी कधी येत नाही. का येत नाही, हे शोधणं ताईंचं काम.

त्या अकोल्याच्या. घरची फुलांची शेती, वडील बाजारात शेवंती आणि निशिगंध विकायचे. ताई संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, मग बारा वर्षं एका कार्यालयात कंत्राटावर डेटा भरत होत्या, आणि चाळिशीनंतर ही सगळी अवजारं स्वतःच शिकल्या. रोज रेल्वेने अकोल्याहून येणं-जाणं. डेटा भरण्याची ती बारा वर्षं त्यांना फार उपयोगी पडायची. एकदा एका तालुक्याचं नाव अहवालात दोनदा यायला लागलं. दोघंजण दोन दिवस कोड उकरत बसले होते. ताईंनी पाच मिनिटांत सांगितलं, “अर्ध्या ओळींत नावाच्या मागं एक मोकळी जागा सुटली हाये. एक अवजार ती सोडून देते, दुसरं धरते. माह्यासारख्या बाईनं भरलं असन. बोट स्पेसवर पडते अन् मानूस पुढं जाते.” आणि लगेच जोडलं, “तिले नोको बोलू कोणी. दिवसाले तीनशे फॉर्म भरून पाहा.”

मेळघाटच्या प्रकरणात मी त्यांना खरं ओळखलं.

एका संस्थेच्या पोषण कार्यक्रमाचा डेटा आमच्याकडे यायचा. गावोगावच्या सेविका दर महिन्याला लहान मुलांची वजनं करून टॅबलेटवर भरायच्या. त्या पावसाळ्यातल्या अहवालात धारणीकडच्या एकोणीस केंद्रांपुढे शून्य आलं. दोन महिने एकही वजन नाही. मी अहवालावर ‘डेटा तपासला’ म्हणून सही केली आणि तो गेला. संस्थेने त्या एकोणीस सेविकांना कामात कसूर केल्याच्या नोटिसा पाठवल्या.

आठवड्याने ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. धारणीच्या पुढच्या एका गावातली सेविका होती, शांता कासदेकर. टॅबलेटच्या मागे चिकटवलेल्या मदतीच्या नंबरावर तिने फोन केला होता. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

“मॅडम, मैंने वजन किया है,” ती म्हणत होती. “काटा डोक्यावर घेऊन टेकडीवर गेले मी. वहीत पण लिहिलं आहे. फिर जीरो कैसे आया?”

“किती लेकरं, शांताबाई?”

“चौतीस.”

ताईंनी कॅलेंडरच्या पानावर चौतीस लिहिलं. मग हाइव्हमधून क्वेरी केली. शून्य. कोणीतरी मागून म्हणालं, “भोपळेताईंना भोपळा.” त्या हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात संस्थेने अंतिम अहवाल मागितला. नोटिसांनंतर आता त्या सेविकांना कामावरून काढायचं होतं, म्हणून यावेळी दोन सह्या हव्या होत्या, माझी आणि ताईंची. मी केली. त्यांनी कागद परत केला.

कंपनीच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातले साहेब व्हिडिओ कॉलवर आले. “भोपळे मॅडम, डेटा खोटं बोलत नाही. त्या बायका बोलत असतील.”

“डेटा कुठी बोलून राहिला साहेब? आपली क्वेरी बोलून राहिली. बाई म्हणते चौतीस, हे म्हणते शून्य. दोघातलं कोन चुकलं ते मले अजून मालूम नाई. मालूम नसतानी मी सही करत नाई.”

“सगळं वेळेत द्यायचंय आपल्याला.”

“द्या ना. माही सही सोडून द्या.”

कॉल संपल्यावर मी त्यांना समजावायला गेलो. त्यांचं कंत्राट डिसेंबरात संपणार होतं, तेही सुचवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंदारभाऊ, तुमी सही केली ना? मंग एकदा जाऊन पाहून या, कशावर केली ते. मी शनवारी जाऊन राहिली. यायचं असन तं सकाळची परतवाड्याची गाडी हाये.”

का गेलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटली. सेमाडोहचा घाट, धारणी, तिथून जीप, आणि शेवटचा तुकडा चिखलातून पायी. शांताबाई दारात वही घेऊनच उभी होती. चौतीस नावं, चौतीस वजनं, पुढे आयांचे अंगठे. एका नावापुढे तिने लाल रेघ ओढली होती. “ये लडकी बहुत हलकी,” ती म्हणाली. “दवाखान्यात न्यायला पाहिजे, असं मी टॅबलेटमध्ये पण भरलं. तिकडे कोणी पाहिलं नाही?”

त्या ओळी पाहायचं काम आमचं होतं.

ताईंनी टॅबलेट मागून घेतला. प्रत्येक नोंदीपुढे ‘पोहोचली’ अशी हिरवी खूण होती. “कुठून पाठवता?” त्यांनी विचारलं. गावात नेटवर्क नव्हतं. शांताबाई बाजाराच्या दिवशी धारणीला जायची, तिथून पाठवायची. पावसात नाल्याला पूर आला की बाजारही चुकायचा. जुलैची वजनं गेली होती ऑगस्टच्या वीस तारखेला.

“उशिरा आली,” ताई स्वतःशीच म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “ते लेकरू उद्याच दवाखान्यात गेलं पायजे. फोन तुमी करा.” मी केला. संस्थेच्या डॉक्टरने गाडी पाठवली आणि ती मुलगी वाचली. हे आधी सांगून टाकतो, कारण ताईही नंतर शांताबाईशी बोलताना सगळ्यात आधी तेच विचारायच्या.

सोमवारी सकाळी ताईंनी तीच क्वेरी स्पार्कमधून थेट फायलींवर केली. चौतीस. हाइव्हमधून पुन्हा केली. शून्य. टेबल एक, प्रश्न एक, उत्तरं दोन.

कारण सापडायला तासही लागला नाही. आमच्या साठवणीत दर महिन्याच्या, दर केंद्राच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये पडायच्या. टेबलात कुठली फोल्डरं धरायची, याची एक यादी होती. हाइव्ह ती यादी वाचून तेवढ्याच फोल्डरांत जायचं. स्पार्कची क्वेरी यादी न बघता सगळी फोल्डरं स्वतः उघडायची. यादी ताजी व्हायची दर महिन्याच्या पाच तारखेला, आणि तीही फक्त सरलेल्या महिन्यापुरती. पाच तारखेनंतर ज्या केंद्राचं फोल्डर तयार झालं, ते यादीत कधीच चढत नव्हतं. वजनं आमच्याकडे होती, पण कोणी ती उघडतच नव्हतं.

“हे पहिले असं नोयतं,” ताई म्हणाल्या. “पहिले दर खेपेला पुरी यादी नवी बनत होती. मे महिन्यात कोनंतरी बदललं.” त्यांनी बदलांची नोंद उघडली आणि थांबल्या. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला.

तो बदल मी केला होता. पूर्ण यादी बनायला फार वेळ लागतो, म्हणून. रुजू झाल्यावरचं माझं पहिलं काम. साहेबांनी कौतुकाची मेलही पाठवली होती.

“तुमी सांगता का मी सांगू?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि सूटही नव्हती.

साहेबांना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “यादी दुरुस्त कर आणि सुधारित अहवाल पाठव. कारणात ‘उशिरा आलेला डेटा’ असं लिही. जास्त काही नको.”

मला ते सोयीचं वाटलं. खोटंही नव्हतं. मी दुरुस्तीची आज्ञा टाइप करत होतो, तेवढ्यात ताईंनी कीबोर्डवर हात ठेवला.

“नाई. अजून दुरुस्त नोको करू.” पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरी संबोधलं. “चुपचाप दुरुस्त केलं तं उद्या ते म्हनतीन, नोटीस आल्यावर बायांनी बसून भरलं. उशिरा आलं म्हनजे त्याईचीच चूक. ज्याईनं वजन केलं त्याईच्या तोंडावर पुन्हा काळं. संस्थेचे लोक बसव समोर. त्याईच्या डोळ्यादेखत दोनी अवजारातून विचारू. मंग दुरुस्त करू. अन् चूक आपली होती, हे कागदावर लिहून देऊ.”

“साहेब परवानगी देणार नाहीत.”

“मी परवानगी मांगतलीच नाई.”

त्यांनी संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना स्वतः फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक झाली. साहेब स्क्रीनवर लालबुंद. ताईंनी आधी शांताबाईच्या वहीचा फोटो दाखवला, मग शून्य, मग चौतीस, आणि त्या फायलींवरची नोटिसांच्या आधीची तारीख. नंतर यादी नव्याने बनवली आणि हाइव्हमधूनही चौतीस आलं, बाकीच्या अठरा केंद्रांपुढेही आकडे आले. अधिकाऱ्यांनी विचारलं, “हा बदल कोणी केला?” ताई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं. दोन्ही अहवालांवरच्या माझ्या सह्या मागे घेतो, असंही म्हणालो.

चूक आमची होती, असं पत्र आम्ही दिलं आणि अठरा नोटिसा मागे घेतल्या गेल्या. एकोणिसाव्या सेविकेने, सुगंती बेठेकरने, नोटीस येताच अपमानाने काम सोडलं होतं. तिची जागा भरली गेली होती, त्यामुळे तिच्याबाबत ‘आता काही करता येत नाही’ असं उत्तर आलं.

डिसेंबरात ताईंच्या कंत्राटाची मुदत वाढवली नाही. कारण दिलं नाही. निरोपासाठी केक आणला होता, तो त्यांनी कापला नाही. “मी जाऊन नाई राहिली, तुमी मले काढून राहिले,” म्हणाल्या आणि प्रत्येकाशी नीट बोलून स्टेशनला गेल्या.

फेब्रुवारीत टेबलांनी पुन्हा डोकं वर काढलं. दोन अवजारं, दोन उत्तरं, आणि यावेळी आमच्यापैकी कोणालाच सापडेना. साहेबांनी मला अकोल्याला पाठवलं. “पाहिजे त्या अटींवर बोलव त्यांना,” म्हणाले.

ताई घरातून बाहेर पडायच्या तयारीतच होत्या. सुगंतीचा पत्ता लागला होता. नवऱ्याबरोबर ती चांदूर रेल्वेजवळ एका वीटभट्टीवर होती. चूक आमची होती, असं लिहिलेल्या पत्राची प्रत तिला द्यायची होती. मीही बरोबर निघालो. गाडीत मी कंपनीचा निरोप सांगितला.

“येईन,” त्या म्हणाल्या. “मले काहून काढलं ते लेखी द्या, अन् सुगंतीले कामावर घ्या म्हनून संस्थेले कंपनीचं पत्र द्या. दोन कागदं. त्याच्याबिगर नाई.”

भट्टीवर सुगंती कच्च्या विटा पलटत होती. ताईंनी पत्र वाचून दाखवलं, सावकाश, कठीण शब्द सोपे करून. तिने हात पदराला पुसले, पत्र घेतलं आणि विचारलं, “माझी चूक नव्हती ना? मग मला काहून नाही ठेवलं?”

ताई तिच्याशेजारी मातीत बसल्या आणि म्हणाल्या, “त्याचं उत्तर मी अजून मांगून राहिली. भेटलं की घेऊन येतो.”

चांदूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना साहेबांचा फोन आला. “काय म्हणतात मॅडम? येतायत ना?”

ताई बाकावर बसून चपलेची माती झटकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी म्हणालो, “नाही म्हणतात, सर. दोन कागद हवेत त्यांना.” आणि ते कागद कोणते, हे सांगून झाल्यावर मी म्हणालो, “ते मिळेपर्यंत पुढच्या कुठल्याही अहवालावर माझीही सही मिळणार नाही.”