सहातले दोन, बारातले चार

"ताई, तुमचा हिस्सा कमी झालेला नाही," हे मी महादेवीताईंना तिसऱ्यांदा सांगत होतो आणि त्या तिसऱ्यांदा मान हलवत होत्या.

मी तेव्हा मंद्रूपच्या पुढं एका गावात तलाठी होतो. इरण्णा, मल्लिनाथ आणि महादेवी ही तीन भावंडं. वडिलांच्या माघारी जमीन तिघांत वाटली गेली, विहीर मात्र सामाईक राहिली. सातबाऱ्यावर विहिरीत प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. पाण्याची पाळी सहा दिवसांची, म्हणजे प्रत्येकाला दोन दिवस. त्या उन्हाळ्यात थोरल्या इरण्णांनी ती बारा दिवसांची केली. प्रत्येकाला सलग चार दिवस. मल्लिनाथची हरकत नव्हती. दोघांचाही ऊस होता. महादेवीताईंनी तहसीलला अर्ज दिला की आपल्यावर अन्याय होतोय.

आमच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "दोन छेद सहा आणि चार छेद बारा. चौथीतलं गणित आहे. समजावून सांगा आणि रिपोर्ट द्या."

मी तयारीनं गेलो. विहिरीच्या कट्ट्यावर कागद पसरला. एक लांब पट्टी काढली, तिची सहा घरं केली, दोन रंगवली. तिच्याखाली तेवढीच पट्टी काढून बारा घरं केली, चार रंगवली. रंगवलेला भाग वर-खाली बरोबर एकाखाली एक आला. वरच्या आणि खालच्या आकड्याला एकाच संख्येनं गुणलं की अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, यालाच सममूल्य अपूर्णांक म्हणतात, हे सांगितलं. दोन्हीकडं दोननं गुणून दाखवलं. दोन्हीकडं भागून एक तृतीयांशही काढून दाखवला. इरण्णांनी चष्मा लावून दोनदा बघितलं आणि खूश झाले.

ताई म्हणाल्या, "पट्टी सारखीच हाय, भाऊसाहेब. पर माजी मेथी..."

मेथीचा उल्लेख अर्जात नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं आणि सही घेतली. 'हिस्सा समान, तक्रारीत तथ्य नाही' असा रिपोर्ट गेला. दोन दिवसांत मंजूर झाला. इतकं निर्विवाद काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

तिसऱ्या आठवड्यात ताई ऑफिसात आल्या. टेबलावर मेथीची एक जुडी ठेवली. पानं पिवळी पडून वाळली होती.

"चार दिस भरपूर पाणी मिळतं," त्या म्हणाल्या. "मग आट दिस थेंब न्हाय. ऊस कळ काढतो, मेथी न्हाय काढत. अख्खा वाफा गेला."

मी पुन्हा कागद घेतला. या वेळी रंगवलेली घरं सोडून कोरी मोजली. जुन्या पाळीत सलग चार, नव्या पाळीत सलग आठ. गणित दोन्ही वेळेला बरोबर होतं. मी फक्त पाणी असलेले दिवस मोजले होते.

संध्याकाळी ताईंना घेऊन इरण्णांकडं गेलो. पाळी बदलायची खरी गरज काय, हे मी पहिल्यांदाच विचारलं. त्यांनी लुंगी वर करून सुजलेला गुडघा दाखवला. दर दोन दिवसांनी पाळी बदलली की विहिरीपर्यंत चालत जाऊन व्हॉल्व्ह फिरवावा लागायचा, आणि ते काम थोरला म्हणून त्यांच्याकडं होतं. मल्लिनाथ कामाला रोज सोलापूरला जायचा.

"अण्णा, मग सांगायचं की," ताई म्हणाल्या. "व्हॉल मी फिरवते. माजं रान विहिरीलाच लागून हाय."

इरण्णांनी गुडघ्यावर लुंगी सोडली. मग म्हणाले, "फिरव."

दुसऱ्या दिवसापासून पाळी पुन्हा सहा दिवसांची झाली. ताईंनी त्याच वाफ्यात नव्यानं मेथी टाकली. ती हाताशी आली, पहिली मात्र गेली ती गेलीच. पाळी बदलल्याचा दुसरा रिपोर्ट मी पाठवला, तेव्हा साहेबांनी फोनवर विचारलं, "हिस्सा तोच आहे ना? मग बदललं काय?"

तेव्हापासून पाण्याच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये मी 'सलग कोरडे दिवस' असा एक जादा रकाना भरतो. छापील फॉर्ममध्ये तो नाही. पट्टी घेऊन हातानं आखावा लागतो.