माय उतारू होती

"टोपलीचा वास वर ठेवशील बाई, अंगाचा कुठं ठेवशील?"

कंडक्टर मायला म्हणाला. बाजाराच्या दिवशी, मोटारीच्या दारात. आत बसलेले हसले.

माय एवढंच म्हणाली होती, "टोपल्या टपावर ठेव ना बाप्पा. आमी आत बसतो. जागा हाये."

जागा होती. मागचं बाकडं रिकामं होतं. तिकीट आतल्यांना जेवढं, तेवढंच आम्हाला. पण आम्ही नवेगाव बांधच्या ढिवर बाया. तलावातली मासोळी सुकवायची, गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात नेऊन विकायची, हा आमचा धंदा. गावात कोणाचंही लग्न असो, पाणी भरायला आम्हीच. आमच्या हातचं पाणी साऱ्यांना चालायचं. मोटारीत आमचं अंग चालत नव्हतं.

माय शिडी चढली. एका हातानं शिडी, एका हातानं लुगडं पायाशी आवळून. खाली उभे असलेले पुरुष मान वर करून बघत होते.

"चढ वं पोरी. कोणाकडं पाहू नको," ती मला म्हणाली.

तिच्यामागून मी. माझ्यामागून पार्बतामावशी, मायची बहीण. टपाचा पत्रा तापलेला. धरायला एक दोरी.

नाल्यावरच्या रपट्यावर, कठडा नसलेल्या बुटक्या पुलावर, ड्रायव्हरनं मोटार जोरात घातली. एक चाक कडेवरून घसरलं. मोटार कलंडली, पण पडली नाही. आतले एकमेकांवर आदळले. टपावरच्या आम्ही उडालो. मी आणि मावशी धानाच्या बांधीत पडलो, चिखलात. माय दगडांवर पडली.

"टोपल्या पाह्य वं," म्हणाली. मग काही बोलली नाही.

आतल्या एका दुकानदाराचा हात मुरगळला होता. पहिली बैलगाडी आली, त्याला घेऊन गेली. दुसरी येईपर्यंत मावशी मायचं तोंड पदरानं पुसत बसली. रक्त थांबलं. अंग थंड पडलं. तरी मावशी पुसतच होती.

माझा माणूस गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमाल. तिथं त्याला कोणीतरी सांगितलं, मोटारीचा विमा असतो. उतारू मेला तर घरच्यांना भरपाई मिळते. त्या दुकानदाराला हाताची मिळालीसुद्धा. आम्हीही अर्ज केला. पावसाळा गेला, धान कापून झालं, तेव्हा बोलावणं आलं. मोटारमालकाच्या गोंदियातल्या गादीवर, त्याच्या पेढीवर, या म्हणून. माझ्या माणसाला मिलमधून सुट्टी मिळाली नाही. मी आणि मावशी गेलो.

विमा कंपनीचा साहेब नागपूरहून आला होता. त्याला खुर्ची. मालकाच्या मुनिमाला खुर्ची. कंडक्टर भिंतीला टेकून उभा. आम्ही दाराशी, फरशीवर.

साहेब गोड बोलला. "हे पाहा बाई, आत बसतो तो उतारू. टपावर जातो तो माल. मालाची भरपाई देता येईल. तुमच्या टोपल्या होत्या ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हा माणूस मायला टोपल्यांत मोजत होता.

"पैसा लो, अँगूठा लगाओ," मुनीम म्हणाला. "तेरी माँ अपनी मर्ज़ी से ऊपर चढ़ी थी. ये कंडक्टर बोलेगा."

मी उभी राहिले. खुर्चीवर बसलेल्या माणसापुढं कधी मान वर केली नव्हती.

"माय माल होती, असं कागदावर लिहा," मी म्हणाले. "खाली तुमचं नाव घाला. मग मी अंगठा लावीन."

साहेबानं लेखणी उचलली. खाली ठेवली.

"आन् मालाचं तिकीट कायले फाडलं?" मी विचारलं.

"ए, ज़ुबान सँभाल के!" मुनीम ओरडला.

मावशी ओरडली नाही. ती कंडक्टरकडं वळली. "तुही माय हाये का रे जित्ती?"

त्यानं हो म्हणून मान हलवली. मग साहेबाला म्हणाला, "आत जागा होती साहेब. मीच चढवलं. मालकाचा हुकूमच हाये, मासोळीवाल्या बाया आत घ्यायच्या नाही."

दावा मंजूर झाला. कागदात मायच्या नावापुढं 'उतारू' असं लिहून आलं. माझ्या माणसानं मिलच्या कारकुनाकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं. जिवंत होती तोवर तिला कोणी उतारू म्हटलं नाही. गावात बाया म्हणायच्या, "मायच्या जिवावर भाग्य उघडलं तुह्यं." मी ऐकायची आणि मासोळी उलथवत राहायची.

कंडक्टरची नोकरी गेली. बाजारात तो पोती वाहताना दिसतो. मी त्याला माफ केलेलं नाही.

परवा मुनीम आमच्या अंगणात आला. त्या अपघाताचा पोलिसांनी भरलेला खटला अजून कोर्टात आहे, त्यात माझी साक्ष आहे. मासोळी वाळत होती, म्हणून त्यानं नाकाला रुमाल लावला.

"पैसा मिल गया न? अब कोर्ट में इतना ही बोलना, कंडक्टर ने अपने मन से चढ़ाया. मालिक को कुछ मालूम नहीं. फिर तू आराम से अंदर बैठकर जाना. तुझे कोई नहीं रोकेगा."

"आन् बाकीच्या बाया?" मी विचारलं.

त्यानं रुमाल नाकावर घट्ट धरला. मी त्याला अंगणाबाहेरची वाट दाखवली.

पुढच्या तारखेला मी कोर्टात जाणार आहे. कंडक्टरचं नाव घेईन, कारण वासाचं बोलणं त्याच्याच तोंडचं होतं. मग मालकाचं नाव घेईन. तो समोर बसला असेल तर त्याच्या तोंडाकडं बघून नाव घेईन. वकील म्हणेल, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगेन.