बिनकुलपाचा डबा

कंधारकर मॅडम प्रयोगशाळेतल्या उंदरांना 'अहो' म्हणत आणि आम्हा विद्यार्थ्यांना 'अरे'. हैदराबादच्या विद्यापीठात फार्माकॉलॉजी आणि इम्युनॉलॉजी विभागात मी पीएच.डी.साठी रुजू झालो, त्या सकाळी त्या पिंजऱ्याशी वाकून म्हणत होत्या, "अहो, जरा सरका की, पाणी बदलायचंय." मला हसू आलं. मागे न वळताच त्या म्हणाल्या, "हसू नक्को. हे आपलं काम चोख करतात. तुझं बघून ठरवू."

त्या बरकतपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. आजोबा वकील, वडील शिक्षक. मराठी बोलता बोलता दखनीत शिरत आणि परत कधी आल्या ते त्यांनाही कळत नसे. माझे वडील नांदेडहून सिकंदराबादला रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले. आमच्या घरात पीएच.डी. करणारा मी पहिलाच. नापास होण्याची सोय मला नव्हती, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

मॅडमच्या खोलीत खिडकीशी स्टीलचा पोळ्यांचा डबा असे. कोणत्या उंदराला औषध आणि कोणाला नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की नजर फितूर होते. म्हणून त्या स्वतः नंबर घातलेल्या बाटल्या भरून देत आणि कोणत्या नंबरात काय, त्याची चिठ्ठी डब्यात ठेवत. कुलूप नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "कुलूप लावलं तर परीक्षा कुलपाची होईल. तुमची कधी व्हायची?"

प्रयोग संपला की सगळ्यांसमोर डबा उघडे. झाडूवाल्या लक्ष्मम्मालाही बोलावणं असे. काचीगुड्याहून इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं येत. औषध फुकट गेलं तरी बिस्किटं तितकीच. "प्रयोग फसला म्हणून चहा कडू करायचा का?"

माझा प्रयोग एका वनस्पतीच्या अर्कावर होता: त्याने उंदरांच्या सांध्यांची सूज उतरते का? अठरा उंदीर, रोज प्रत्येकाच्या पायाची जाडी मोजायची. पहिल्या आठवड्यात काहीच धड दिसेना. एका दुपारी मॅडम जेवायला गेल्या आणि मी डबा उघडला.

मी खोटा आकडा एकही लिहिला नाही. पण मापकाचा काटा दोन रेघांच्या मध्ये आला की औषधवाल्यांसाठी खालची रेघ धरायची, पाणीवाल्यांसाठी वरची. निकाल देखणा लागला. मॅडमनी परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवला, लक्ष्मम्माने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मॅडमनी मला घरी जेवायला बोलावलं.

पुरणपोळी होती. पहिला घास मी ताटात परत ठेवला. मी ताटाकडे बघतच सगळं सांगून टाकलं.

"किती दिवस पोटात आहे हे?" त्यांनी विचारलं.

"डबा उघडला तेव्हापासून."

"मग धड जेवला नसशील. आधी जेव." माझ्या पोळीवर त्यांनी तूप वाढलं. "उद्या नऊला ये. नवे उंदीर मागवू."

दुसऱ्या दिवशी मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा त्या परिषदेच्या लोकांशी फोनवर बोलत होत्या. "हौ, निबंध मागे घेते. मोजण्यात गफलत झाली. माझी." पलीकडचा माणूस काहीतरी मनाला लागेल असं बोलला असावा, त्या नुसतं "बरं, बरं" म्हणाल्या. मी आत जाऊन 'चूक माझी' म्हणायला हवं होतं. मी बाहेर उभा राहिलो. डबा उघडल्याची माफी मला त्या ताटावर मिळाली. या उभं राहण्याची मी कधी मागितलीच नाही.

नव्या प्रयोगाची चिठ्ठी लिहून त्यांनी डबा पुन्हा खिडकीशी ठेवला.

"मॅडम, या वेळी घरी न्या," मी म्हणालो.

"कायको? मला चिठ्ठी पाठ आहे. डबा तुझ्यासाठी आहे." आणि त्या जेवायला निघून गेल्या. पुढचे तीन आठवडे रोज दुपारी त्या वेळेवर जेवायला जात होत्या, आणि मी माझ्या बाकावर बसून दोन्ही हातांनी वही धरून ठेवत होतो.

सगळ्यांसमोर डबा उघडला. फरक निघाला, पहिल्याच्या निम्माही नव्हता. मॅडमनी आकडे दोनदा तपासले आणि बिस्किटाचा पुडा फोडला. "थोडाच है, मगर सच्चा है. लक्ष्मम्मा, याला दोन दे." तेवढ्यावर माझी पीएच.डी. झाली. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की शेजारच्या विभागातले लोक बघायला आले. तेही बिस्किटं खाऊन गेले.

निवृत्त होताना डबा त्यांनी मला दिला. आता मी त्याच विभागात शिकवतो, आणि तो माझ्या खिडकीशी असतो. परवा माझ्या विद्यार्थिनीचा प्रयोग चालू असताना दुपारी दीडला मॅडमचा फोन आला. आता त्या लेकीकडे सिकंदराबादला असतात.

"जेवलास?"

"जेवतो. जरा काम आहे."

"गेल्या आठवड्यातही काम होतं. डब्यात चिठ्ठी आहे?"

"आहे."

"आणि तू राखण करतोस." त्या हसल्या. "अरे, पोरीला माझ्यासारखी गुरू मिळू दे की. तुझ्यासारखं कुलूप कशाला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही फोनवर चूक स्वतःची म्हणालात, तेव्हा मी दाराबाहेर होतो."

"माहीत आहे. दाराखालून तुझ्या चपला दिसत होत्या," त्या म्हणाल्या. "ऊठ, जेवायला जा."

मी डबा होता तिथेच ठेवला, दार उघडं टाकलं आणि जेवायला गेलो.