लताबाईंचं यंत्र

अमेरिकेत पार्सिपनीला लेकीकडे राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात डब्यावर लिहिलेल्या नंबरला फोन केला. गिरिजाकडे रोज बाहेरून डबा येतो. ती आणि जावई दिवसभर मीटिंगमध्ये असतात, चूल पेटते ती शनिवार-रविवारी. डब्यातली भाजी बेताचीच असायची. पोळी मात्र घडीची, पदर सुटलेली, दुपारपर्यंत मऊ राहणारी. चाळीस वर्षं तोंडाला रंग लावून गावोगाव हिंडलो, शेकडो परक्या हातांचं जेवलो. चांगल्या पोळीला दाद दिल्याशिवाय मला राहवत नाही.

फोन सुशांतने घेतला. किचन त्याचंच. कंपनीतून लेऑफ झाल्यावर एका पार्टनरला बरोबर घेऊन त्याने डब्यांचा धंदा सुरू केला होता. पोळ्या करणाऱ्या बाईंशी बोलायचंय म्हटल्यावर तो गडबडला. केस निघाला का काका, म्हणून विचारलं. नाही रे, टाळी द्यायचीय, म्हटलं.

अशी माझी आणि लताबाईंची ओळख झाली. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, रुंद मनगटांची बाई. इथल्या दिराने ग्रीन कार्डाचे कागद केले, त्यांचा नंबर लागायला तेरा वर्षं गेली, तोवर गावाकडची खानावळ चालवली. इकडे आल्यावर नवरा विष्णू पेट्रोल पंपावर लागला आणि बाई सुशांतच्या किचनमध्ये. त्या, शोभना आणि राधिका अशा तिघी मिळून सकाळी सहा ते अकरा सातशे पोळ्या करत. मला त्या काका म्हणू लागल्या. इथे माझ्या वयाच्या माणसाला दुसरं नाव नसतंच.

बुधवारी दुपारी लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी सिनेमा असतो. मला गाडी येत नाही, लताबाई ड्राइव्ह करतात. डबे गेले की त्या मला घ्यायला येऊ लागल्या. त्या वर्षी लायब्ररीवाल्या बाईंनी इंग्लंडातल्या विनोदी सिनेमांची माळच लावली होती. गोष्ट साधारण एकच. गावातला कारखाना बंद पडतो, चार-पाच माणसं रिकामी होतात. पोटं सुटलेली, बायका वैतागलेल्या. मग त्यांच्यातला एक जण काहीतरी खुळं काढतो, कुणी कवायत बसवतं, कुणी गाणं. सगळं गाव हसतं. शेवटी मोठा कार्यक्रम होतो, हसणारेच उभे राहून टाळ्या वाजवतात. मी लताबाईंच्या कानात मराठीत सांगत असे, आणि अर्ध्या सिनेमानंतर त्या मला गप्प बसवत. कुठल्याशा गावातल्या त्या टकल्या फिटरचं दुःख त्यांना माझ्याआधी कळायचं.

डिसेंबरात किचनमध्ये कुजबुज सुरू झाली. पार्टनरला पोळ्यांचं मशीन आणायचं होतं. लताबाई गाडीत बसून स्टिअरिंगकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मशीन आलं तर तिथं माझं काय काम? भाषा येत नाही, कागदावरचं शिक्षण नाही. माझ्याकडे हेच आहे. आणि मनगटं पुढे केली.

मी नाटकवाला. मला उपाय एकच सुचतो. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिघींचं प्रहसन बसवू, म्हटलं. विषय पोळ्यांचं मशीन. लताबाई स्वतः मशीन व्हायच्या. सगळं गाव बघेल, हसेल, हाताची किंमत कळेल. मी सुशांतशीही बोललो. त्याला कल्पना इतकी आवडली की तो खुर्चीवरून उठला. त्याचा शब्द मला अजून पाठ आहे.

"काका, शो हिट झाला ना, तर मी स्वतः पार्टनरला सांगतो, मशीन कॅन्सल. मावशी माझ्या आईसारख्या आहेत यार."

तालमी किचनमध्येच, दुपारी. खोक्याला चंदेरी कागद लावून यंत्र केलं. त्यात लताबाईंचं डोकं आणि दोन हात तेवढे बाहेर. शोभना पीठ भरणार, राधिका पोळ्या झेलणार. पहिल्या दिवशी लताबाई नुसत्या खर्रखर्र आवाज काढत होत्या. मी तालीम थांबवली. आयुष्यभर नोकर, पोस्टमन, कंपाउंडर अशी छोटी कामं केली मी, पण एक गोष्ट शिकलो. मोघम अभिनयाला हशा येत नाही. पोस्टमनने पत्र कसं काढलं ते खरं दिसलं, तर लोक हसतात. मी म्हटलं, लताबाई, यंत्र काही गाळत नाही. तुम्ही काय काय करता ते सगळं बोला, पहिल्यापासून, आकड्यांसकट.

त्यांना ते सांगता येईना. हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. पाणी किती, तर लागेल तितकं. कणीक किती वेळ झाकायची, तर होईपर्यंत. दोन तालमी आम्ही त्यावर घालवल्या. सुशांत रोज हजर असे. प्रॉम्प्टिंग मी करतो म्हणाला. लॅपटॉप मांडीवर घेऊन विंगेत, म्हणजे फ्रीजच्या शेजारी, बसायचा. काटा त्यानेच आणला, घड्याळ त्यानेच लावलं. "मावशी, उंडा परत एकदा ठेवा, मगाशी त्रेचाळीस ग्रॅम होता." मला भरून यायचं. इतका तन्मय प्रॉम्प्टर मला व्यावसायिक नाटकात लाभला नव्हता.

हळूहळू लताबाईंच्या तोंडी संहिता बसली. पाणी अंगाला सोसेल इतकं कोमट. कणीक पस्तीस मिनिटं झाकून. आत तेलाचं एक बोट, वर पिठाची चिमूट, घडी, पुन्हा घडी. लाटताना आधी कडा, मग मध्य. तव्यावर चिमूटभर पीठ टाकायचं, चार मोजेपर्यंत बदामी झालं तर तवा तयार. हे सगळं त्या पत्र्याच्या आवाजात म्हणत, मान टकटक हलवत. राधिका हसून खाली बसायची.

कार्यक्रम हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये झाला. तिसरी घंटा झाली. मग लताबाईंनी पहिलं वाक्य टाकलं आणि हशा आला, मागच्या रांगेपासून पुढे येणारा, तोच खरा. त्यांच्या पोळ्या थांबेनात, शोभनाला पीठ पुरवता येईना, आणि शेवटी यंत्र म्हणालं, मला कंटाळा आला, मी चहा घेते, आणि खोकं काढून विंगेत चालतं झालं. लोक उभे राहिले. सुशांतने मोबाइलवर सगळं टिपलं आणि लताबाईंना वाकून नमस्कार केला. परतताना त्या गाडीत मला म्हणाल्या, अगदी त्या सिनेमासारखं झालं, नाही का काका?

मी हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, मशीन आलं. मोठ्या लाकडी खोक्यात. लताबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे वाचता येतात. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर ऑर्डरची तारीख होती. आमच्या पहिल्या तालमीच्या दहा दिवस आधीची. त्यांनी सुशांतला बोट लावून दाखवली. तो खाली बघत म्हणाला, ऑर्डर आधीच गेली होती मावशी. तुम्हाला सांगितलं असतं तर शो झालाच नसता. आणि शो मस्तच झाला ना?

मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो काटा आला, मग घड्याळ, मग लॅपटॉप. नट अंधारात एकाच माणसावर विसंबतो. समोरचा नट वाक्य खाईल, नेपथ्य कोसळेल, पण विंगेतून शब्द येणार म्हणजे येणारच. चाळीस वर्षांत मला एकाही प्रॉम्प्टरने दगा दिला नव्हता. आणि शब्द लताबाईंकडून काढून कुणी घेतले? सुशांतने नुसते लिहून घेतले. काढून घेतले मी.

मार्चपासून दुकानांच्या फ्रीजरमध्ये पाकिटं दिसू लागली. वर लताबाईंचा हसरा फोटो, तालमीतला, यंत्राचं खोकं त्यातून कापून टाकलेलं. खाली मोठ्या अक्षरांत 'लतामावशीच्या हातची घडीची पोळी'. राधिका लेकीकडे टेक्सासात अर्विंगला निघून गेली. शोभना दुकानात भाज्या निवडते. लताबाईंना सुशांतने सांगितलं, शनिवारी दुकानात उभ्या राहा, लोकांना पोळीचे तुकडे चाखायला द्या. फक्त साडी नेसून या.

त्या गेल्या. सोबत मीही गेलो, स्टुलावर बसलो. त्यांनी पहिला तुकडा स्वतः खाल्ला. सावकाश चावला. वाईट असती तर किती बरं झालं असतं.

"चांगली झालीय," त्या म्हणाल्या. "कडा आधी लाटल्यात."

मग एक तरुण बाई आली, हातात पाकीट, एकदा फोटोकडे, एकदा लताबाईंकडे बघत. कौतुकाने म्हणाली, मावशी, एवढ्या सगळ्या तुम्ही स्वतः करता? सुशांत मागेच उभा होता.

"मी नाही हो," लताबाई म्हणाल्या. "मशीन करतं. त्याला फक्त माझ्याकडून शिकवून घेतलं, तेही मला न सांगता."

बाईने पाकीट तरीही घेतलं. सुशांतने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. दोन लहान लेकरं आहेत त्याला, पार्टनर मानेवर बसलेला आहे, त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं कोण जाणे. एवढं समजून घेतो मी. फक्त त्याचा फोन आला की तो गिरिजाला देतो.

आम्ही बुधवारी अजून लायब्ररीत जातो. लताबाई घ्यायला येतात, आता सकाळपासून मोकळ्याच असतात. परवा पुन्हा तसाच सिनेमा होता. शेवटचा कार्यक्रम रंगला, लोक उभे राहिले, म्हातारी मंडळी डोळे पुसू लागली. लताबाईंनी माझी बाही ओढली.

"काका, पण कारखाना चालू झाला का?"

मी आठवून पाहिलं. हा सिनेमा, आधीचा, त्याच्याही आधीचा. माणसं नाचतात, गातात, बायका परत येतात, मुलं बापाकडे अभिमानाने बघतात. कारखाना एकाही सिनेमात चालू होत नाही. इतके महिने टाळ्यांच्या आवाजात माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"तुम्ही तेव्हा सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या, आणि दिवे लागायच्या आधीच पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागल्या.