भाडेकरूची खोली मी उघडली

ठाण्याजवळच्या आमच्या दिवा गावात भाडेकरू दुसरी चावी घरमालकिणीकडे ठेवतात, ती पाण्यासाठी. पाणी येणार साडेअकराला, जेमतेम वीस मिनिटं. कामावर गेलेल्या माणसानं करायचं काय? म्हणून वरच्या खोलीतल्या मुलीचं पिंप मी भरायचे. ती कल्याणला कोर्टाबाहेर टायपिंगच्या दुकानात कामाला होती.

त्या दिवशी पिंप भरून खाली आले, तर दारात दोन पोलीस. तिच्या भावाबद्दल चौकशी होती म्हणे. "वरची खोली उघडा." कागद नाही, काही नाही. मी घाबरले, पण तिच्या काळजीनं नाही हो! भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची असते, तो फॉर्म मी भरलाच नव्हता. आज देऊ, उद्या देऊ करत आठ महिने गेलेले. आणि मोठ्या पोलिसानं नेमकं तेच विचारलं, "हिची नोंद केलीय ना?"

"उघडते साहेब, उघडते," मी म्हटलं.

त्यांनी कपाट उचकलं, गादी उलटी केली आणि तिचा लॅपटॉप उचलून नेला. कुठे नेताय, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. चहा घेणार का, हे मात्र विचारलं. सांगायलाही लाज वाटते.

संध्याकाळी ती आली, खोली बघून किंचाळलीच. मग खाली येऊन म्हणाली, "काकी, पंच कोण होते? यादीची प्रत दिली?" मला काही कळेना, तेव्हा तिनंच सांगितलं. झडती घेताना आजूबाजूची दोन माणसं पंच म्हणून उभी करायची, काय नेलं त्याची यादी करायची, एक प्रत घरात द्यायची. रोज हेच टाइप करते ती. "निदान मला एक फोन तरी करायचा ना," म्हणाली. लॅपटॉपवर तिचा सगळा अभ्यास होता आणि परीक्षा महिन्यावर आलेली.

दुसऱ्या दिवशी ती पोलिसांकडे गेली, तर तिथे उलट तिलाच विचारलं, कसला लॅपटॉप?

"काकी, तुम्ही पाहिलंय. प्रतिज्ञापत्र द्याल?"

आमचे हे भडकले. "नसत्या भानगडीत पडू नकोस. आधी आपलाच फॉर्म राहिलाय!" मी तर जिन्यात बूट वाजले तरी दाराला कडी घालायचे. एवढं होऊनही तिनं चावी परत मागितली नव्हती. मी रोज वर जाऊन पिंप भरत होते आणि तिच्या टेबलाकडे बघायचं टाळत होते.

चौथ्या दिवशी यांना न सांगता कल्याण गाठलं. तिच्याच दुकानात, तिच्यासमोर स्टुलावर बसले. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. किती वाजता आले, किती जण होते, काय नेलं. मध्येच ती थांबली.

"दार कोणी उघडलं, काय टाकू?"

"अगं, पोलिसांनी सांगितलं म्हणून..."

"ते टाकलंय काकी. उघडलं कोणी?"

मागे तीन माणसं नंबर लावून उभी होती. मी एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मी," म्हटलं. "टाक. मीच उघडलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टाइप केलं आणि म्हणाली, "पुढे सांगा."